पायांत साठलेले पाणी

आपल्याकडे पायांना मोठा मान. चवथीला, दिवाळीला, परीक्षेला जाताना, नवी नोकरी लागल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे ही शिस्त अजून बऱ्याच घरांत टिकून आहे. पण खरे सांगायचे तर पाया पडताना आपण पाय पाहतच नाही. वाकतो, हात लावतो, तो कपाळाला नेतो आणि मोकळे होतो. त्या पायांवर सूज आहे का, जोडवी बोटात रुतली आहेत का, घोट्याचे हाड दिसते आहे की नाही, हे पाहायला तेवढा वेळ पुरेसा असतो. नजर मात्र तिकडे नसते.

मी सरकारी कचेरीतली कारकून. मराठी घेऊन बी. ए. झालेली. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची औषधांची बिले परतफेडीसाठी माझ्या टेबलावर येतात. वीस वर्षे डॉक्टरांचे अक्षर वाचून वाचून औषधांची नावे पाठ झाली. शिवाय नोव्हेंबरात हयातीचे दाखले घेऊन पेन्शनर येतात. माझी खुर्ची अशा जागी आहे, की येणाऱ्याचा चेहरा काउंटरच्या काचेमागे अर्धा झाकतो, पण बाकावर बसलेल्यांचे पाय स्वच्छ दिसतात. चपलेचा पट्टा सोडून ठेवलेले, बुटाची नाडी न बांधलेले, एक चप्पल नेहमीची आणि दुसरी नवऱ्याची असे घालून आलेले पाय. विचारले तर उत्तर ठरलेले: "काही नाही गं, जरा सूज आहे. वयच झालं."

हे "वयच झालं" मला पटत नाही. त्यासाठीच हा लेख.

आम्हा गोवेकरांच्या घरात कोंकणी, लिहिण्यावाचण्यात मराठी. घरात म्हणतात, "पांय सुजल्यात." मराठीत पायावर सूज आली, पाय फुगले, पायात पाणी साठले. यातले शेवटचे मला नेमके वाटते, कारण ते खरोखरच पाणी असते. जुन्या वैद्यकात याला शोथ किंवा श्वयथु म्हणत, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वयथूवर स्वतंत्र अध्याय आहे. इंग्रजांकडे जुना शब्द ड्रॉप्सी. विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली डिजिटॅलिस या झाडाच्या पानांवर पुस्तक लिहिले, ते या ड्रॉप्सीवरच्या उपचाराचे. खेड्यातल्या एका बाईच्या काढ्यातून त्याला ते झाड सापडले होते. माणूस सुजतो, तो पाणी जास्त पितो म्हणून नव्हे, कधी कधी हृदय दमलेले असते म्हणून, हे समजायच्या वाटेवरचे ते एक पाऊल होते. आजही आपल्याकडे सूज दिसली की आधी पाणी कमी करतात!

आता हे पाणी पायातच का येते ते सांगते. रक्त वाहताना बारीक केशवाहिन्यांतून थोडे पाणी सतत बाहेर झिरपते. बरेचसे परत आत जाते, उरलेले लसीकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडतात. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायला पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात, आणि चढलेले रक्त खाली येऊ नये म्हणून शिरांत झडपा असतात. एका जागी तासन् तास उभे राहिले किंवा खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून बसले, की पंप बंद. झडपा सैल झाल्या की रक्त खालीच तुंबते. हृदयाचा जोर कमी झाला, मूत्रपिंडाने मीठ बाहेर टाकले नाही, किंवा रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन घटले, तरी झिरपणे वाढते. आणि पाणी शेवटी उताराकडेच जाणार. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सूज पायावर शोधू नये, कमरेच्या खाली पाठीच्या टोकाशी पाहावी. तिथे ती लपून बसते आणि घरच्यांना पत्ता लागत नाही.

सूज ओळखायची रीत सोपी आहे. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवायचा, जोराने नाही पण ठामपणे दाबायचा, मनात दहा आकडे मोजायचे आणि अंगठा उचलायचा. खड्डा पडून राहिला तर ते पाणी. जितका खोल आणि जितका वेळ टिकणारा, तितके जास्त. सगळ्या अंगात मिळून दोन-तीन लिटर जादा पाणी साठेपर्यंत असा खड्डा दिसतही नाही, म्हणजे तो दिसला तेव्हा प्रकरण आजचे नसते. दाबून खड्डा पडत नाही, कातडी जाड आणि घट्ट लागते, तर कारण वेगळे असू शकते. थायरॉईड असेल, किंवा लसीकावाहिन्या तुंबल्या असतील.

माझी आत्या फोंड्याला असते. प्राथमिक मराठी शाळेत तीस वर्षे फळ्यासमोर उभी राहिली. निवृत्तीनंतर रक्तदाब निघाला, गोळी सुरू झाली, आणि दोन-तीन महिन्यांत संध्याकाळी पाय फुगू लागले. सकाळी उतरायचे, रात्री पुन्हा. घरातल्यांनी निदान करून टाकले: आयुष्यभर उभी राहिली, आता पाय बोलतात. शेजारणीला तिच्या डॉक्टरांनी पाण्याची गोळी दिली होती, म्हणजे लघवी वाढवणारी. तिने मायेने आपल्यातली पट्टी आत्याला दिली. बारा-तेरा दिवस आत्याने ती घेतली. मग आली तय, म्हणजे चवथीच्या आदला दिवस, हरितालिकेचा उपवास. दिवसभर पोटात काही नाही आणि सकाळीच ती गोळी. संध्याकाळी नेवऱ्या तळायला बसली ती उठताना कढईच्या बाजूला कोसळली. कढईवर पडली नाही हे देवाचे उपकार.

इस्पितळात रक्त तपासले तर सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही खाली गेलेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आत्याच्या गोळ्यांची पिशवी खाटेवर उपडी केली आणि एकेक वाचत गेल्या. रक्तदाबाच्या गोळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आजी, सूज हिची आहे."

ती गोळी म्हणजे ॲम्लोडिपिन. माझ्या टेबलावर येणाऱ्या दर तीन-चार बिलांत एकदा तरी दिसणारे नाव. औषध उत्तम, स्वस्त, रक्तदाब चांगला उतरवते. पण काही माणसांना, त्यातही बायकांना आणि मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांना, तिने घोटे सुजतात. रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या तिने सैल होतात, परत नेणाऱ्या तेवढ्या होत नाहीत, म्हणून पाणी मध्येच झिरपते. अंगात पाणी जास्त झालेले नसतेच, त्यामुळे पाण्याच्या गोळीचा तिथे फारसा उपयोग नाही. नसलेले पाणी ती गोळी रक्तातून ओढते, आणि माणूस भोवळ येऊन पडतो. डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली, जोडीला दुसऱ्या प्रकारची गोळी दिली. गणपती विसर्जनापर्यंत आत्याच्या घोट्याची हाडे पुन्हा दिसू लागली. तीस वर्षे उभे राहण्याचा काही संबंध नव्हता.

यावरून कोणी आपली रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये, ते सुजेपेक्षा वाईट. गोळ्यांची अख्खी पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावे, एवढेच. सांधेदुखीच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे, शरीरात मीठ धरून ठेवतात. स्टेरॉइडही धरतात. मधुमेहाची पायोग्लिटाझोन, नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन, यांनीही पाय सुजू शकतात. सांधेदुखीच्या गोळ्या तर आपल्याकडे चण्या-फुटाण्यासारख्या खातात, आणि डॉक्टरांना सांगताना त्यांना औषध म्हणून मोजतच नाहीत.

मिठाबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण आम्ही मिठागरांच्या मुलखातली माणसे. पणजीहून रायबंदरला जाणाऱ्या पोर्तुगीज काळातल्या पुलाच्या रस्त्याने गेलात तर कडेला मिठागरांची जागा दिसते, आणि पेडण्यातल्या आगरवाड्याच्या नावातच आगर आहे. पावसाळ्यापूर्वी घरोघरी मीठ भरून ठेवायचे, त्यात तोरे चेपायची, बांगडे खारवायचे, सुंगटे सुकवायची. चार महिने दर्याला बोटी जायच्या नाहीत, तेव्हा या मिठानेच घर तगवले. त्या काळी पेजेबरोबर खाऱ्या बांगड्याचा तुकडा खाणारा माणूस दिवसभर शेतात घाम गाळत होता. आम्ही तोच तुकडा खाऊन पंख्याखाली फाइली चाळतो.

शरीराचा हिशेब ठरलेला आहे. साधारण नऊ ग्रॅम मीठ अंगात अडकले, की ते आपल्याबरोबर एक लिटर पाणी धरून ठेवते. सलाइनच्या बाटलीत हेच प्रमाण असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चमचाभर, आणि तेही आमटी, भाजी, लोणचे, पापड, बेकरीचा पाव, फरसाण सगळे धरून. सूज असलेल्याने ताटात वरून मीठ घ्यायचे नाहीच. "मी वरून घेत नाही" म्हणणाऱ्याने लोणच्याच्या बरणीकडे पाहावे. पेज निर्दोष आहे, तिच्या सोबत्यांचा दोष. सैंधव खाल्ले तर चालते अशीही एक समजूत आहे. सैंधव हेही मीठच, त्यात सोडियमच असते.

आता ज्या सुजेला घरी बसून चालत नाही तिच्याविषयी. दोन्ही पाय सुजलेत, जिना चढताना धाप लागते, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो म्हणून उशा एकाच्या दोन, दोनाच्या तीन झाल्यात, मध्यरात्री उठून खिडकीशी बसावे लागते, तर हृदयाची तपासणी लगेच. आमच्या वाड्यावरचे एक काका वर्षभर आरामखुर्चीत झोपत, आणि सगळे म्हणत त्यांना खुर्चीची सवयच आहे. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज आणि लघवीला साबणासारखा फेस असेल तर मूत्रपिंडाकडे पाहावे. लघवीतल्या प्रथिनाची तपासणी स्वस्त आहे आणि साध्या प्रयोगशाळेत होते. पायांबरोबर पोट फुगते, डोळे पिवळे दिसतात, तर यकृत. दारूचे दुकान कोपऱ्या-कोपऱ्यावर असलेल्या आमच्या राज्यात हे वेगळे सांगायला नको.

एकच पाय सुजला तर गोष्ट निराळी. माझ्या एका सहकाऱ्याने रात्रीच्या बसने लांबचा प्रवास केला, अकरा तास पाय दुमडून. परतल्यावर डावी पोटरी टम्म, लाल, दाबली की दुखे. आई म्हणाली, नस चढली, खोबरेल तेल कोमट करून चोळून देते. तेल गरम होईपर्यंत त्याचा भाचा आला, तो नर्सिंग शिकत होता. त्याने हातातली वाटी काढून घेतली. तपासणीत खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. अशा गुठळीवर चोळले तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, आणि मग माणूस हातचा जातो. डॉपलर तपासणी, रक्त पातळ करणारी औषधे, असे कित्येक महिने चालले, आज तो ठणठणीत आहे. तेलाच्या वाटीत केवढी माया असते हे मला माहीत आहे. पण अचानक सुजलेल्या, दुखऱ्या एका पायाला तेल लावू नये, आणि छातीत कळ किंवा दम लागला तर १०८ ला फोन करावा.

सातव्या महिन्यात आमच्याकडे गर्भारणीला फुले माळतात. फोटोत तिच्या वेणीकडे सगळ्यांचे लक्ष असते. घोट्यावर थोडी सूज त्या दिवसांत येतेच. पण तोंड आणि हात एकाएकी सुजले, बांगड्या हलेनात, डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तर त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी. आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतणारा तो आजार आहे. "पोरीचे अंग भरले, बाळसे आले" असे म्हणणाऱ्या बायकांचे त्या वेळी ऐकू नये.

हत्तीपायाबद्दल लहानपणी भीती वाटायची. आता तो आजार पुष्कळ कमी झाला आहे. डासातून येणारा जंत लसीकावाहिन्या बिघडवतो, आणि त्याची पिल्ले रक्तात रात्री फिरतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसे रात्री रक्ताचा थेंब घ्यायला येत. ज्यांचा पाय आधीच मोठा झाला आहे त्यांना औषधाइतकीच गरज असते ती रोज साबण-पाण्याने पाय धुण्याची, बोटांमधली जागा कोरडी करण्याची आणि चिरांतून जंतू आत जाऊ न देण्याची. हे काम कोणीतरी प्रेमाने करावे लागते, आणि नेमके तेच होत नाही.

घरी काय करता येते? कारण कळले, धोका नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की मग पाय हृदयाच्या वर येतील असे उशीवर ठेवून पंधरा-वीस मिनिटे पडावे, दिवसातून तीन-चार वेळा. स्टुलावर पाय ठेवून टीव्ही पाहणे म्हणजे पाय वर करणे नव्हे, पण लोंबकळत ठेवण्यापेक्षा बरे. दर तासाला उठून चालावे. कचेरीत बसल्या बसल्या टाचा वर-खाली कराव्यात, साहेबांना दिसत नाही. घट्ट लांब मोजे मिळतात, ते मापाने घ्यावेत आणि सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवावेत. पण मधुमेहाने किंवा तंबाखूने ज्यांच्या पायात रक्तच कमी पोहोचते, त्यांनी विचारल्याशिवाय घालू नयेत, जखम व्हायची.

पुनर्नवेचे नाव घेतले नाही तर आमच्या वाचकांतले वैद्य रागावतील. पुनर्नवा, म्हणजे घेटुळी, पावसाळ्यात रस्त्याकडेला आपोआप पसरणारी, शोथावर वैद्य ती पिढ्यान् पिढ्या देत आले आहेत. जाणत्या वैद्याने नाडी पाहून, कारण शोधून दिली तर माझे काही म्हणणे नाही. पुडी विकत आणून काढा करण्याला मात्र आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना तसलेच दुसरे काही त्यावर घेणे म्हणजे आत्याच्या वाटेने जाणे. तीच गोष्ट आडसराची. इस्पितळात आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळे घेऊन जातो. त्यात पोटॅशियम भरपूर. ज्याचे मूत्रपिंड दमले आहे त्याच्या रक्तात ते साठते आणि हृदयाचा ठोका बिघडवू शकते. डॉक्टरांनी नको म्हटले असेल तर आडसर आपणच पिऊन मोकळे व्हावे.

आत्याला डॉक्टरीणबाईंनी एक काम लावून दिले आहे. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, वजन करायचे आणि लिहायचे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करायचा, कारण एवढ्यात चरबी वाढत नाही, वाढते ते पाणी. आत्याने शाळेच्या हजेरीपटासारखी वही आखली आहे. तारीख, वजन, रक्तदाब, आणि शेवटच्या रकान्यात "खड्डा: आहे / नाही". शनिवारी लाल शाईने रेघ. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा तिने ती वही दाखवली, मग आत जाऊन चेपलेल्या तोरांची मोठी बरणी आणली आणि माझ्या पिशवीत घातली.

"मला बंद," ती म्हणाली. "तू घेऊन जा. पण आधी बस, पाय दाखव बघू."